शेवटची गाडी, आठ चाळीस

सहाचा शो नऊला सुटतो.
आमची गाडी वणीच्या स्टँडवरून आठ चाळीसला हलते,
त्यानंतर थेट सकाळी, दुधाच्या कॅनांसोबत.
त्यामुळं आमच्या गावानं आजवर
एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाही.

मतं मात्र भरपूर.
शनिवारी सकाळी माझ्या ठेल्यावर या.
मी पन्नीत खर्रा घोटत असतो,
आणि शालिक मेश्राम बाकावर मांडी घालून निकाल देतो :
"पयला हाफ भारी.
दुसऱ्यात हिरो रडूनच रायला बावा.
येवढा रडला
का आंग धुवाले पानी लागलं नसन त्याले."

अंबादास लाइनमन आहे. त्याचं दुखणं वेगळं.
"खांबावर चढला थो. हातात मोजे नाई, लाइन चालू.
तिथंच मेला पायजे होता.
सिनेमा तिथंच खतम,
आपल्याले आरामात गाडी भेटली असती."

बेबीबाई आत्राम अंगणवाडी उघडायला जाता जाता थांबते,
किल्ल्यांचा जुडगा पदरात गुंडाळलेला.
"मायचं काम केलं थे बाई चांगली होती.
दोनच वाक्य होते तिले.
पन भाकर टाकतानी तव्याकडं पायलं नाई तिनं.
खरीच थापत असन घरी."
एवढंच. हिरोबद्दल ती बोलत नाही.

पुंजाराम तर गेलाच नव्हता.
त्याचं मत सगळ्यात पक्कं :
"मी सांगतलं होतं तुमाले, बंडल आहे म्हनून."

मग येतो खरा वाद.
आम्ही वाकून, लोकांच्या शिव्या खात,
अंधारातून दाराकडं सरकत होतो तेव्हा
पडद्यावर तो तिच्या उंबऱ्याशी उभा होता,
मूठ मागं लपवलेली.
मुठीत काहीतरी चमकलं.
चाकू की चाबी?

"चाकू," शालिक म्हणतो.
"चाबी," बेबीबाई म्हणते. "घर वापस द्याले आलता थो."
"चाबी द्याले कोनी येवढं म्युझिक लावते का बाई?"
"मंग? दार उघडाच्या आंधीच मानूस चांगला झाला असन,
थे दाखवाले नको?"

अंबादासला वाटतं, टेस्टर होता.

रात्री ठेला बंद करताना
भाचा मोबाइल घेऊन आला.
"मामा, तुमचा थो पिक्चर आला ह्याच्यात."
नको म्हणेपर्यंत त्यानं बोट फिरवलं होतं
अगदी तिथपर्यंत, उंबऱ्यापर्यंत.
चुन्याच्या डब्याला टेकवून पाहिला आम्ही,
वीस मिनिटं,
सुपारीच्या पोत्यावर बसून.
मूठ उघडली.

ठीक होता.
म्हणजे वाईट नव्हता.
पण तो एकच होता,
आणि संपल्यावर पांढरी नावं धावायला लागली,
इतकी माणसं, इतकी नावं,
मला माहीतच नव्हतं
की सिनेमा संपल्यावर एवढं वाचायला असतं.

आज सकाळी बेबीबाई आली ती नेहमीपेक्षा लवकर.
तिच्या बापाच्या घराची चाबी
सात वर्षांपासून भावाकडं आहे.
ती कधी त्याचं नाव काढत नाही,
त्याच्या दारावरून जाताना
चप्पल तेवढी जोरात वाजवते.

"तू सांग ना," ती म्हणाली, "तुले काय दिसलं?"
शालिकनं मांडी मोडली.
अंबादासनं सायकल स्टँडला लावली.
पुंजारामनंही तोंडातली पिंक थांबवून धरली.

मी पन्नी दुमडली,
दोरीवर घासली, पुन्हा घासली.
"मले काय इचारता बाई,"
मी म्हणालो,
"मी तं तुमच्यासंगं गाडीतच होतो ना."

"हाव," ती म्हणाली, "खिडकीपाशी."
आणि शालिक लगेच,
"पन चाबी असती, तं एवढी चमकली असती का बे?"