स्लॅबवरचे सहा चौकोन

इराण्णा आला टेप, खडू आणि होकायंत्र घेऊन,
चप्पल जिन्याखाली काढून.
वडगावात एप्रिलच्या दुपारी
अनवाणी कोणी स्लॅबवर चढत नाही.
दोन पावलांतच नाचायला लागला.
म्हटलं, बघ की, माल चांगला आहे का नाही ते.
हसला. "ऊन तुमचंच ओ आक्का,
मी नुसतं काच लावूलालोय."

मग आकडा सांगितला. एक ब्याण्णव.
लाख हा शब्द उच्चारलाच नाही,
जसं काही आम्ही कोथिंबिरीचं बोलत होतो.

स्टँड कशाचा, मी विचारलं.
पाऊस आमचा ठाऊक आहे ना,
चार महिन्यांत छत्रीच्या काड्या गंजतात इथे.
"ऐंशी मायक्रॉनचं कोटिंग हाय."
मायक्रॉन कशाशी खातात मला माहीत नव्हतं.
वांगी दाबून बघताना हलवते
तशी मान हलवली.

खडूने त्याने सहा चौकोन आखले.
पाचवा आणि सहावा नेमके तिथे
जिथे मी संकेश्वरी मिरची वाळत घालते,
सव्वीस वर्षं झाली.
"ही जागा नाही मिळायची."
"दक्षिण हिकडंच हाय की ओ."
"असू दे."
"मग स्टँड सात फूट करू. खाली वाळवा."
"सावलीत मिरची वाळत नाही रे, कुबटते."
"मग चारच लावू."
"मग चारचे किती?"
"इन्व्हर्टर तेच, वायर तीच, माणसं तीच..."
म्हणजे ऊन कमी घेतलं तरी
किंमत जागची हलत नव्हती.

टाकीच्या आड जाऊन त्याने मालकाला फोन लावला.
आवाज उतरवून, कन्नडात:
ओंदु एप्पत्तक्क कोडबहुदेन्री?
मी मिरच्यांची देठं खुडत राहिले.

वीजबिल कन्नडात येतं, ते मी
शेजारच्या पोराकडून वाचून घेते,
असं गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलंय.
खरं तर वडलांची बदली गोकाकला होती तेव्हा
तिसरीपर्यंतचे पाढे मी त्याच भाषेत म्हटलेत.
अजून दूधवाल्याचा हिशेब मनात तसाच होतो.

तो परत आला. "शेवटचं सांगतो, एक ऐंशी."
"एक सत्तर," मी म्हटलं.
"आणि पाचवा-सहावा जिन्याच्या टपावर चढव."
त्याने टाकीकडे बघितलं. मग माझ्याकडे.
"कन्नड बरतैतेन्री निमग?"
"स्वल्प. सत्तरपर्यंत."

रात्री भाकरी थापताना एकदम आठवलं,
तो जिन्यात टेप सोडवत होता तेव्हा
मी पुण्याला रेणूशी फोनवर बोलत होते, मोठ्याने,
पंचाहत्तरच्या वर गेला तर नको म्हणते गं मी.
मराठीत. जिना केवढासा तो.
म्हणजे ते पाच हजार मी सोडवून घेतले
की त्यानेच सोडले?
तव्यावरची भाकरी करपली, कळलं नाही ते नाहीच.

माणसं गुरुवारी येणार आहेत.
तोवर सहाही चौकोनांत मिरची पसरली आहे,
रेघा न मोडता, मापात.
संध्याकाळी वारा सुटला की
दोन-चार मिरच्या खडू ओलांडून पलीकडे जातात.
त्या मी उचलत नाही.