एकाआड एक मंगळवार

पुस्तकांची बस मी चालवते, एकाआड एक मंगळवारी,
पोसियोच्या उत्तरेला, जिथे घरांआधी
टपालपेट्या दिसतात, मग बऱ्याच वेळाने घर.
शेवटचा थांबा तौनो आणि हिल्काचा.
सव्वातीन. अंधार पडलेला. उणे सत्तावीस.
दार पुरतं उघडायच्या आत तौनो बोलू लागतो:

"हे घे परत. खून पान एकशे बारावर!
तोवर सगळे काय नुसती कॉफी पीत बसले होते?"
हिल्का बुटांवरचा बर्फ झटकते.
"मला ती कॉफीच आवडली.
म्हातारीच्या हातून कप निसटतो, ते वाचलंस?
नाही ना? तू वाचत नाहीस, तू पानं नांगरतोस."

तीस वर्षं त्याने रस्त्यावरचा बर्फ नांगरला,
पिवळा दिवा फिरवत, पहाटे चारपासून.
शब्द त्याला लागला नाही. खूश झाला उलट.

दोघांत प्रत एकच. तो सकाळी वाचतो, ती रात्री.
त्याची खूण म्हणजे मासेमारीच्या परवान्याची जुनी पावती,
तिची, लोकरीचा लाल धागा.
पावती नेहमी पुढे. धागा मागून,
आणि कधीकधी चक्क उलटा:
काल नव्वदवर, आज बासष्टवर.
"वाट चुकलीस का?" तो विचारतो.
"नाही. काहीतरी मागे राहिलं होतं."

एकदाच एकमत झालं, कालव्यांच्या इतिहासावर:
भिकार. मी तारीख लिहून ठेवली.

मग जानेवारीत ते पुस्तक.
नवं आलेलं, मीच दिलं, न वाचता.
मधमाशा पाळणारी एक बाई
गुरुवारी सकाळी भांडी पुसून जागेवर लावते
आणि निघून जाते.
मला सुचायला हवं होतं.
हिल्का एका हिवाळ्यात औलूला राहिली होती, अकरा आठवडे.
बहिणीचा गुडघा दुखतो, असं गावाने म्हणायचं ठरवलं
आणि अजून म्हणतं,
बहीण जाऊन सात वर्षं झाली तरी.

त्या मंगळवारी तौनो आधी दार उघडून
मग गप्प उभा राहिला.
"कसं होतं?" मी विचारलं. विचारणं माझं कामच.
"लिहिलंय चांगलं," तो म्हणाला,
"पण ती परत येते ते पटलं नाही.
कारणच दिलेलं नाही. बस थांबते, ती उतरते.
दोन ओळी. एवढ्यासाठी का तीनशे पानं?"
"कारण आहे," हिल्का म्हणाली,
पाककृतींच्या कप्प्याकडे तोंड करून.
"कुठल्या पानावर?"
"शेजारीण फोन करते तिला.
सांगते, हा माणूस रोज पहाटे
दारापासून थेट बसथांब्यापर्यंत वाट मोकळी करतो.
कोणी येणार नसतं. तरी करतो.
दोन माणसं शेजारी शेजारी चालतील
एवढी रुंद."

हीटर घरघरत होता.
मी तारखेचा शिक्का उगाचच चाकं फिरवून तपासला.

"असं त्या पुस्तकात नाही," तौनो म्हणाला.
"नाही," हिल्का म्हणाली. "पुस्तकात नाही."

तिने वेलचीच्या पावांचं पुस्तक घेतलं,
जे तिने आठ वेळा तरी नेलं असेल,
आणि खाली उतरून त्याची वाट बघत उभी राहिली.
त्याने हातमोजा काढला, घातला, पुन्हा काढला.
"हे अजून दोन आठवडे मिळेल का?
मी जरा घाईत वाचलं."

मार्च आला. बर्फ वरून मऊ, खालून काच.
पुस्तक अजून त्यांच्याकडेच आहे.
मुदत मी तीनदा वाढवली, नियम दोनदाचा.
परवा हिल्काने सांगितलं, जरा तक्रारीच्या सुरात:
"सावकाश वाचतोय. रोज एक पान.
कालच्या रात्री तर
मागे गेला."