खानेसुमारी

सहा मैल लांब, सहा मैल रुंद.
जरीब ओढणाऱ्यांनी आधी चौकोन आखला,
माणसं नंतर त्यात येऊन पडली,
पाटीवरच्या घरांत आकडे पडावेत तशी.
छत्तीस चौकटी. सोळावी शाळेसाठी राखीव;
शाळा यायला अकरा वर्षं लागली.

मी या टाउनशिपची कारकून, व्हर्ना स्कार्पनेस.
वय एकाहत्तर, पगार न सांगण्याजोगा,
दप्तर माझ्याच स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी.
सगळ्यात जुन्या वहीची पहिली ओळ:
माणसे सात, बैल चार.
घरं लिहिलेली नाहीत.
घर म्हणायचं तरी कशाला?
टेकाडाच्या पोटात खणलेली खोली,
वर गवतासकट कापलेल्या मातीचे थर,
दाराला गोणपाट.
गाव उंबऱ्यांनी मोजायचं म्हटलं
तर तो हिवाळा शून्यच.

तळ्याकाठी रानप्लमची जाळी आहे.
तिथं त्याआधी डाकोटांच्या चुली होत्या.
त्या कुठल्याच वहीत नाहीत.
नांगराला अजून काळे पडलेले दगड लागतात,
आम्ही ते बांधावर टाकतो
आणि पुढं जातो.

मग अठराशे ऐंशीचा जून.
आन्सगार ब्रेक्के शिरगणतीला निघाला,
भाड्याची घोडी, मोज्यात गुंडाळलेली दौत,
आणि वरून आलेला नियम:
एक जूनला जो जिवंत, तो धरायचा.
न्युगोर्डांकडे तो पोचला नऊ तारखेला.
नवरा हौदाशी कुदळ धूत होता.
पाळण्यात पोर रडत होतं, चांगलं ठणठणीत.
कधीचं?
गेल्या शुक्रवारचं.
मग हे नाही धरता येत.
बाई गप्प. मग म्हणाली, थोरली सिग्ने, चार वर्षांची.
घसा धरला. रविवारी गेली.
ब्रेक्केनं बोटांवर दिवस मोजले.
एक तारखेला होती ना?
होती. बदकं हाकत होती, तिथं, हौदापाशी.
मग त्यानं दौत उघडली.
सिग्ने. मुलगी. वय चार.
आईनं ते दोनदा वाचून घेतलं
आणि त्याला कॉफी दिली.

त्या वर्षीची बेरीज दोनशे बारा.
मी तीन वेळा करून पाहिली, चुकलेली नाही.

पुढं टोळ आले, रेल्वे आली
ती पण शेजारच्या चौकोनातून गेली.
लोक रुळांच्या मागं गेले. कोण थांबणार?
आता एकटा माणूस यंत्रावर बसून
नऊ कुटुंबांची शेतं दोन दिवसांत कापतो,
आणि शाळेत त्याचं खत असतं.
यंदा आम्ही अडतीस.
म्हणजे अडतीस असू, असं मला वाटत होतं.

न्युगोर्डांची जागा भाड्यानं गेलीय.
टर्कीच्या कारखान्यातली माणसं, कॅरेन म्हणतात त्यांना,
बर्माच्या डोंगरांतून, मधली बरीच वर्षं छावणीत.
मी अर्ज घेऊन गेले.
नॉ पॉ वा दारातच उभी राहिली.
हा कागद कुणाकडं जातो? तिनं विचारलं.
मी सांगितलं. तिला पटलं नसावं.
तिथल्या छावणीतही मोजायचे, ती म्हणाली,
तांदळासाठी.

माझी नजर खाली गेली.
उंबऱ्याबाहेर जोडे काढलेले:
रबरी बूट, चपला, कुणाचे तरी झगझगीत गुलाबी,
सहा जोड आणि एक एकटाच.
आत बाळ रडलं.
कधीचं? मी विचारलं, आणि जीभ चावली.
गेल्या आठवड्यातलं, ती म्हणाली.

तारीख उलटून गेलेली.
मी अर्ज घडी करून पिशवीत ठेवला,
आणि वाकून
त्या एकट्या बुटाचा जोडीदार शोधू लागले.
तो पायरीखाली होता, चिखलात.