टिंब

मी दातांचा माणूस नव्हे. तार्तूच्या दंतविद्यालयात
कॉम्प्युटर अडला की मला हाक मारतात.
उर्मास, माऊस चालत नाही. उर्मास, पासवर्ड.
त्या फेब्रुवारीत बाहेर उणे सतरा होतं,
पाचलाच खिडक्या काळ्या पडल्या होत्या,
आणि मारेट लेपासार बाई म्हणाल्या,
मागच्या बाकावर बस, आज तुझा प्रोग्राम चालवायचाय.

पडद्यावर एक कवटी, बाजूने.
अकरा वर्षांची मुलगी, नाव झाकलेलं,
नुसता आकडा: चारशे सतरा.
कवटीच्या आत मध्यावर एक इवलं खोगीर.
तुर्की खोगीर म्हणतात त्याला,
मेंदूखालची एक ग्रंथी त्यावर स्वार असते.
खोगिरात पहिला ठिपका.
कपाळातून नाक सुटतं, तिथे दुसरा.
तिसरा वरच्या जबड्यावर,
नाकाखाली हाड आत वळतं त्या वळणाच्या तळाशी.
तीन ठिपके, मधे एक कोन.
त्यावरून कळणार जबडा पुढे की मागे,
आणि पोरीचं नुसत्या तारेवर भागेल का.

काउर मोजपट्टी विसरला.
चित्रातल्या पट्टीवर आधी दोन टिचक्या द्यायच्या असतात,
तेव्हा कुठे यंत्राला कळतं मिलिमीटर केवढा.
त्याच्या पोरीचा जबडा निघाला नऊशे बारा मिलिमीटर.
"हिला तार कसली, जहाजाची साखळी आणा," बाई म्हणाल्या.
काउरचे कान लाल.

मग मी बटण दाबलं.
एकोणीस जणांचे तिसरे ठिपके
एकाच हाडावर.
मला वाटलं होतं, एकावर एक बसतील.
बसले नाहीत. थवा झाला, दिव्याखालच्या चिलटांसारखा,
आडवा थोडा, वर-खाली पुष्कळ.
मधोमध पांढरी फुली, सरासरीची.
जो तो आपला ठिपका हुडकू लागला,
वर्गाच्या फोटोत आधी स्वतःलाच पाहावं तसा.

सगळ्यात खाली, एकटा, आल्योनाचा.
नार्वाची मुलगी, उत्तराआधी ओठ हलवून
मनातल्या मनात रशियनमध्ये मोजणारी.
कुणी तरी म्हणालं, तो काढा, सरासरी सुधारेल.
"मग कवटी पण काढू," बाई म्हणाल्या. "तू ये पुढे."
ती आली. पडद्याला बोट न लावता म्हणाली,
इथे दोन कडा आहेत. मी ही धरली.
"ती गालाची सावली. हाड तिच्या मागे.
पण दोन कडा दिसतात, हे तू एकटीच बोललीस."

मग माझ्याकडे वळून: "माझे दाखव."
मागच्या सोमवारचा एक, आजचा एक.
एकतीस वर्षं या वळणावर काढली बाईंनी,
आधी ट्रेसिंगचा कागद, सारखी टोक मागणारी पेन्सिल,
मग हे.
दोन ठिपके. मधे फट.
मोजली मी: शून्य पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर.
रेडिएटर तेवढा बोलत होता.
लिसेटने उगाचच पेनाला टोपण लावलं.

बाईंनी खण ओढला, प्लास्टरचा साचा काढला,
चारशे सतराचाच, आणि हातोहात फिरवला.
दिसतो त्याहून जड.
कुणी न सांगता अंगठे समोरच्या दातांवरून चढून
त्या वळणाशी गेले.
"बुधवारी येणार आहे ती," बाई म्हणाल्या.
"ओठ उचलण्याआधी हात गरम करून घ्या."

पडद्यावर उत्तर तसंच होतं: ८१.३७ अंश.
कोट चढवताना बाईंनी विचारलं,
उर्मास, ते मागचे दोन आकडे कशाला?
यंत्राला येतात म्हणून, मी म्हणालो.
"येतं ते सगळं बोलायचं नसतं."

रात्री घरी प्रोग्राम उघडला
आणि दशांशाचं टिंब खोडलं.
एक्क्याऐंशी.
नंतर खिडकीच्या काळ्या काचेत बघत
नाकाखाली बोट दाबून
बराच वेळ माझं वळण शोधत बसलो.
सापडलं.
पुन्हा पाहिलं, तर जरा खाली होतं.