उंदीर

ढोके सिस्टरनं अंगठ्यानं
माझी खालची पापणी ओढली
आणि आत पाहिलं,
बाजारात जुडी सोडून देठं पाहतात तसं.
"पांढरी फट्ट," म्हणाली.
मग बोट टोचलं. सात पॉइंट नऊ.
मी विचारलं, कितीपैकी?
ती हसली नाही.

तिला सांगितलं नाही
की चुलीमागची भिंत मी खाते.
पोतारा ओला असताना जो वास सुटतो
तो नाकात येत नाही, दाढेत येतो.
आधी नखाएवढा पोपडा, मग अजून एक.
आता तिथं परातीएवढा खड्डा आहे.
सासूबाई म्हणतात, उंदीर लागले घराले.
मीही म्हणते, हो ना बाप्पा, लयच झाले.

वेचणीत ओटी भरून उठलं की
शेत एकदा गोल फिरतं.
कापूस पांढरा, आभाळ पांढरं,
मग सगळंच.
बाया म्हणतात, कमजोरी हाय, च्या पे.
सिस्टर म्हणते, जेवणावर चहा नको,
अंगाला लागायचं लोह तो लागू देत नाही.
तिला कुठं ठाऊक
कितीदा चहा हेच जेवण असतं.

भाजी मीच करते.
तरोट्याची, चवळीची,
कण्या घालून अंबाडीची, वरून लसणाची फोडणी.
पहिलं ताट यांचं, मग भाऊजींचं, मग पोराचं,
मग सासूबाई, मग प्रांजू.
माझ्या वाट्याला कढई येते.
भाकरीच्या तुकड्यानं तिचं बूड पुसून घेते.
तीही जर्मनची. हलकी, चकचकीत.
लग्नातली लोखंडी मीच भंगारवाल्याला दिली,
दोन प्लास्टिकच्या टोपल्यांवर.
घासून घासून हात काळे व्हायचे म्हणून.

पोळ्यानंतर नाल्यापाशी
गाडीलोहारांचं बिऱ्हाड उतरलं.
नवरा सांडशीत लोखंड धरतो
आणि घण ती मारते. केसर.
सहावा महिना असेल.
चारशे म्हणाली, अडीचशेत दिली.
पैसे घेताना तिची नखं दिसली,
चमच्यासारखी खोलगट, पावसाचं पाणी साचेल अशी.
"जरा वाक वं," म्हटलं,
अंगठ्यानं पापणी ओढली.
आत माझाच डोळा.

जन्म लोखंडात गेला तिचा,
ठिणग्यांनी पदराची चाळण झाली,
आणि आत ही अशी.

"माती खातं का?" मी हळूच विचारलं.
तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग भात्याकडं.
"कोळसा," म्हणाली.
आणि आम्ही दोघी इतक्या हसलो
की तिचा नवरा सांडशी टाकून उठला.
जाताना तिला सांगितलं, ढोके सिस्टर मंगळवारी येते,
अंगणवाडीत, शेवग्याच्या झाडाखाली.

नव्या कढईत अंबाडी काळी पडते.
यांनी ताटात बोट फिरवलं, "हे काय वं?"
म्हटलं, भाजी हाय.
लाल गोळी रात्री घेते, लिंबू पिळून पाण्यात.
पोट डांबरासारखं होतं, होऊ दे.
आणि एक वाटी आधीच काढून
डब्याखाली झाकून ठेवते,
चोरीचा माल असल्यासारखी, माझ्याच चुलीवरची.

परवा खड्डा लिंपला.
वास आला, तोंडाला पाणी सुटलं,
एक पोपडा खाल्लाच. खोटं कशाला बोलू.

पण लिंपताना खाली हात गेला
तेव्हा माझ्या कमरेएवढ्या उंचीवर
अजून एक खळगा लागला.
ताजा. बोटाएवढा. पोरीच्या बोटाएवढा.

प्रांजूला हाक मारली.
दारात नेली, उजेडात,
आणि पापणी ओढली.
ती म्हणाली, "आई, उंदरानं केलं ते."

आज दोन वाट्या आधी काढल्या.