पथारीवर

डॉक्टर विचारतात, कितव्या वर्षी सुरू झालं?
धुळ्यातला दवाखाना, दुसरा मजला,
खाली काळी-पिवळीवाला शिरपूर शिरपूर ओरडतोय.
मी सांगतो, मिरचीत.
त्यांचं पेन थांबतं.

मग सगळं सांगावं लागतं.
नंदुरबारला हंगामात
पथारीवर एकर एकर लाल पसरलेलं असतं,
देठ खुडणाऱ्या बाया तोंडाला फडकी बांधून,
आणि सगळं गावच डोळे मिचकावतं,
सगळं गावच घसा खाकरतं.
त्यात एका पोराचे डोळे
कुणी मोजायचे?

माय म्हणायची, मिरचीना ठसका शे, जाई निंघी.
चैत्रात पथाऱ्या उठल्या, झाडून झाल्या,
सगळ्यांचे डोळे थांबले.
माझे नाही.

सात वर्षांचा असेन. किंवा सहा.
त्याच्या मागे गेलो तर तिथेही मिरचीच आहे.

वळवी सरांनी वर्गाबाहेर उभं केलं,
पोरींना डोळा मारतो म्हणून.
मायने सात मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या,
पुन्हा मिरच्याच,
धुराने आम्ही दोघंही मिचकावत बसलो.
ती हसली.
मी मोजत होतो.

उजवा खांदा उडाला की डावा उडवायचा.
दाराची कडी लावायची, काढायची, लावायची,
ती बसली असं वाटेपर्यंत.
कोयंड्यात नव्हे. इथे, बरगड्यांच्या मागे कुठेतरी.
भीती कसली वाटते, विचारतात.
भीती नाही हो.
तराजूचा काटा मध्यावर येऊन किंचित हलत राहतो ना,
आणि मापाडी बोट लावतो,
तसं बोट लावावंसं वाटतं. इतकंच.
चाळीस वर्षं इतकंच.

बाहेर बाकावर शेजारी शिंदखेड्याच्या गिरासेबाई होत्या.
त्यांचं एकतिसाव्या वर्षी, दुसऱ्या बाळंतपणानंतर
अकराव्या दिवशी. बुधवार होता.
हात मनगटापर्यंत सोललेले, साबणाचा वास,
डोळे मात्र स्थिर, खांदे जागच्या जागी.
आधी मी अशी नव्हते हो, म्हणाल्या आणि रडल्या.

आधी.
मला त्या शब्दाचा हेवा वाटला.
चूक आहे, पण वाटला.
त्यांना परत जायला एक मंगळवार आहे.
मी बरा झालो तर कुठे जाऊ?

डॉक्टर म्हणतात, लहानपणी येतं, डोळे-खांदे सोबत घेऊन येतं,
ते पुष्कळदा घरातूनच आलेलं असतं.
घरात आणखी कुणाला?
मला जिभाऊंचं खाकरणं आठवतं,
वखारीच्या दारात तीनदा,
थांबून पुन्हा तीनदा.
आम्ही पोरं त्याला त्यांचा धाक समजायचो.

गुंजनला परवा सातवं संपलं.
पाढे लिहिताना डोळे मिचकावते.
खिडकीबाहेर पथारी आहे,
फाल्गुन आहे, वारा आमच्याच बाजूचा.
मिरची आहे, बायको म्हणते.
मी हो म्हणतो,
कडीपाशी जातो, कॅलेंडरपाशी जातो.
चैत्राला एकोणीस दिवस.
दुसऱ्यांदा मोजले
तरी एकोणीस.