खंडेनवमीचा डाग

ताहेरभाईंनी दुनळी टेबलावर मोडली,
म्हणजे उघडली, त्यांच्या धंद्यात तसंच म्हणतात,
आणि नळ्यांतून कॅम्पातलं आभाळ पाहिलं.
"आतून छान आहे. फार वापरली नाही ना?"

नाही.
बाहत्तरच्या कायद्यानंतर
अण्णांनी पौडकडं जाणं सोडलं.
मग ही निवडणुकीपुरती बाहेर पडायची.
आचारसंहिता लागली की चादरीत गुंडाळून, रिक्षातून,
चौकीत जमा. निकालानंतर परत.
दस्त्यावर अजून सुतळीचा वळ आहे,
जिथे पावतीचा पुठ्ठा बांधायचे.
लोकसभा, विधानसभा, महापालिका.
पायगुड्यांच्या घरात लोकशाहीचं काम
सगळ्यात नेमानं हिनंच केलं.

आता लायसन माझ्या नावावर.
वय एकसष्ट. कारण: वारसा.
आयुक्तालयातल्या बाईंनी मान वर करून विचारलं,
"चालवता येते?"
मी म्हटलं, पुसता येते.

नक्षीचं काम ताहेरभाई करत नाहीत.
त्यासाठी तांबट आळी, दिगंबर कर्डे.
त्यांचे वडील भांड्यांवर नावं घालायचे,
'चि. सौ. कां.'पासून 'सप्रेम भेट'पर्यंत,
अक्षराला चार आणे,
काना-मात्रा फुकट.

कर्ड्यांनी नमुन्यांची वही पुढं सरकवली.
विलायती गुलाब. वेलबुट्टी. उडती बदकं.
तोंडात पाखरू धरलेली केसाळ कुत्री.
यांतलं कुणी मुळेच्या काठी
कधी आलेलं मला आठवत नाही.

मग त्यांनी डोळ्याला भिंग लावलं,
डाव्या पट्टीवर नख टेकवलं.
"इथं काय खाल्लंय हिला?"

अंगठ्याएवढा खळगा,
तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा.
मला माहीत होतं.
खंडेनवमीला आई पाट मांडायची:
विळी, अडकित्ता, शिवणयंत्राची कात्री, आणि ही.
प्रत्येकाला एकेक बोट ओलं कुंकू.
अण्णा खेकसायचे, पोलादाला पाणी लावू नकोस.
ती म्हणायची, वर्षातून एकदा तर लावते.
एकोणपन्नास वर्षं.
एकाच जागी.

"घासून काढू," कर्डे म्हणाले, "अर्धं सूत जाईल.
पट्टी आधी तापवून मऊ करायची, मग कोरायची,
मग हाडांच्या कोळशात पुरून परत कडक.
रंग असे चढतात, पारव्याची मान जशी."
हाडं कुणाची?
"बैलाची," ते म्हणाले.
आणि जरा वेळानं,
"सगळेच विचारतात."

मी म्हटलं, खळगा राहू दे.

ते गप्प झाले.
डाग ठेवा म्हणणारं गिऱ्हाईक
कुठल्याच कारागिराला आवडत नाही.
चहा आला, निवला.
मग पेन्सिलीनं पट्टीवर त्यांनी
एक लांब पाय ओढला, त्याच्या शेजारी दुसरा,
चोच, डोळ्यापुढची लोंबती कातडी.
"टिटवी. ही घरटं बांधत नाही.
उघड्यावर, खड्यांत घालते अंडं.
असंच दिसतं,
पाय पडेस्तोवर कळत नाही."

टिटवी ओरडली की आई
कानांवर हात ठेवायची, अभद्र म्हणून.
हे मी कर्ड्यांना सांगितलं नाही.
दहा हजार आगाऊ मोजले.
"आणि नाव कुणाचं घालू?" त्यांनी विचारलं,
सवयीनं, भांड्यावर घालतात तसं.
म्हटलं, विचार करून कळवते.

काल चौकीतून फोन आला.
आचारसंहिता लागली, हत्यार जमा करा.
मी सांगितलं:
नळ्या ताहेरभाईंकडे, तेलात.
दस्ता पॉलिशवाल्याकडे वाळतोय.
पट्टी तांबट आळीत आहे,
टिटवीचा अजून एकच पाय कोरून झालाय.

हवालदार बराच वेळ काही बोलला नाही.
पलीकडे कुणीतरी पंखा बंद केला.
मग म्हणाला,
"बाई, मी लिहू काय?"